पटाशीचे दात

धाकटीच्या कॉलेजची यादी व्हॉट्सॲपवर आली तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. खाली तिचा मेसेज : ‘दादा, सोमवारच्या आत हे सगळं लागणार आहे.’

दोन पानांची पीडीएफ. लेक्रॉन कार्व्हर. वॅक्स नाइफ, एक मोठा, एक छोटा. पीकेटी सेट. प्लास्टर स्पॅच्युला, रबर बाऊल, स्पिरिट लॅम्प, डिव्हायडर, मॉडेलिंग वॅक्स, कोरायला मेणाचे ठोकळे, दोन ॲप्रन. आणि सगळ्यात शेवटी, येता येता कोथिंबीर आण म्हणावं तसं : काढलेले नैसर्गिक दात, एक पूर्ण संच.

आईनं फोनवर विचारलं, “अरे, दात कुठं विकत मिळतात?”

मिळत नाहीत. मागावे लागतात. पुढचे काही शनिवार धाकटी घरी आली की विट्यातल्या एकेका डेंटिस्टकडे झाकणाची बरणी ठेवून यायची आणि पुढच्या वेळी ती उचलायची. दाढा भरपूर मिळाल्या. तारा बसवायच्या आधी काढतात त्या उपदाढा तर ढिगानं. पण समोरचे धड दात मिळेनात, कारण धड असलेला समोरचा दात कोण कशाला काढून घेईल? ज्या दिवशी सुळा मिळाला त्या दिवशी तिनं मला त्याचा फोटो पाठवला, बारावीचा निकाल पाठवावा तसा.

बीडीएसची फी भरून आम्ही नुकता कुठं दम घेतला होता. अण्णांचं विट्यात फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. फीसाठी एज्युकेशन लोन काढलं होतं, वर माझा बोनस. यादीची बेरीज १४ हजारांच्या पुढं गेली, आणि सीनिअर मुलं म्हणाली की ही तर झलक आहे, खरी यादी दुसऱ्या वर्षी येते. माझ्या इंजिनिअरिंगला काय लागलं होतं? एक मिनी ड्राफ्टर, एक कॅल्क्युलेटर, वर्कशॉपचा खाकी ॲप्रन आणि सेकंडहँड लॅपटॉप. वर्कशॉपमधला सुतारकामाचा जॉब तर मी सीनिअरकडून विकत घेऊन सबमिट केला होता. सुताराच्या मुलानं सुतारकामाचा जॉब विकत घेतला हे अण्णांना आजतागायत माहीत नाही.

शनिवारी आम्ही तिघं तिच्या कॉलेजसमोरच्या दुकानात गेलो. डेंटलच्या सामानाची दुकानं बाहेरून मेडिकल स्टोअरसारखी दिसतात आणि आतून हार्डवेअरच्या दुकानासारखी. मालकांनी अण्णांकडे पाहून विचारलं, “काका, लोकल दाखवू का चांगलं?” या एका प्रश्नात सगळं आलं. प्रत्येक वस्तूच्या दोन किमती, मध्ये दुपटी-तिपटीचा फरक, आणि घेणाऱ्याला त्यातलं शून्य कळतं.

मी एक्सेल शीट करून नेली होती. सीनिअरांचं म्हणणं त्यात एका कॉलमात टाकलं होतं, आणि नंतर कळलं की ते अगदी बरोबर होतं : प्लास्टरला लागतं ते स्वस्तातलं घ्या, ते गंजतं, हरवतं, कुणीतरी उचलून नेतं. ज्यानं कोरायचं ते चांगलं घ्या. फ्लास्क, आर्टिक्युलेटर असलं जड लोखंड पास झालेल्या मुलांकडून अर्ध्या किमतीत घ्या. आणि मोटर, हँडपीस यांना दुसऱ्या वर्षापर्यंत हातही लावू नका, विभागात विचारल्याशिवाय तर नाहीच.

अण्णांनी लेक्रॉन कार्व्हर उचलला. पेन्सिलीएवढा दांडा, एका टोकाला चाकूसारखं पातं, दुसऱ्या टोकाला इवलासा पळीसारखा भाग. त्यांनी पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकं ओढलं. ते घसरलं.

“याला धार नाही.”

“काका, ते मेणाला आहे.”

“मेणाला पण धार लागते,” अण्णा म्हणाले आणि ट्रेमधला तिसरा कार्व्हर निवडला. पाचही कार्व्हर मला तेव्हा एकसारखेच दिसत होते.

बिल हातात आलं आणि मला नाद लागला तो त्यातल्या नावांचा. लेक्रॉन कोण? पीकेटी काय? पुढच्या वर्षीच्या यादीत आणखी होती : हॉलनबॅक, टॉफलमायर. मला वाटलं कंपन्या असतील. निघाली माणसं, सगळे डेंटिस्ट. पीकेटी म्हणजे पीटर के. थॉमस, मेणाचे थेंब एकावर एक चढवत दाढेची चावण्याची बाजू घडवायला शिकवणारा अमेरिकन डेंटिस्ट. आमच्या धंद्यात माणसाचं नाव उरतं ते गिट ब्लेममध्ये, तेही शिव्या देण्यापुरतं. इथं माणसं हत्यारं होऊन पोरांच्या पाऊचमध्ये पडलेली होती. मग मी रात्री जेवणानंतर हेच वाचत बसायला लागलो.

धाकटीचं पहिलं काम होतं वरचा मधला दात, मेणाच्या ठोकळ्यातून मापानं कोरून काढायचा. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला या दाताचं नाव माहीत आहे : पटाशीचा दात. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा असं आपण विज्ञानाच्या तासाला पाठ केलं. आमच्या घरात पटाशी रोजच्या वापरातली, अण्णांच्या पेटीत पाच-सहा तरी असतील. तरी ती दातातली पटाशी आणि पेटीतली पटाशी एकच, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आता दुसऱ्या वर्षीच्या यादीतली इंग्रजी नावं पाहा : चिझल, हॅचेट, हो, स्पून. म्हणजे पटाशी, कुऱ्हाडी, कुदळ आणि चमचा. दाताच्या डॉक्टरची बॅग उघडली तर आत सुतार आणि शेतकरी बसलेले.

हे नातं फार जुनं आहे. बलुचिस्तानात बोलन खिंडीपाशी मेहरगढ नावाचं नवाश्मयुगातलं गाव सापडलं. तिथल्या दफनभूमीतल्या ९ माणसांच्या मिळून ११ दाढांमध्ये कोरलेली भोकं आहेत. ती ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीची. २००६ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. भोकांच्या कडा नंतरच्या चावण्यानं झिजलेल्या आहेत, म्हणजे माणूस जिवंत असताना कोरलं आणि तो त्यानंतरही जेवत राहिला. कोरणारा कोण? त्या गावात दगडाचे मणी करणारे कारागीर होते. चकमकीच्या दगडाचं बारीक टोक काठीला बसवायचं आणि धनुष्याच्या दोरीनं गरगर फिरवायचं. जे मण्याला चालतं ते दाढेला चाललं, असं संशोधकांना वाटतं. अण्णांच्या वडिलांकडे असाच धनुष्यावर चालणारा सामता होता. तो अजून माळ्यावर आहे.

मेहरगढवरून एकदम पॅरिसला उडी मारतोय, पण हत्यारांच्या बाबतीत अंतर वाटतं तेवढं नाही. १७२८ साली पियेर फोशार या फ्रेंच डॉक्टरचं दंतवैद्यकावरचं मोठं पुस्तक आलं. आधुनिक दंतवैद्यकाची सुरुवात तिथून धरतात. त्याची हत्यारं कुठून आली? घड्याळजी, सोनार, न्हावी यांच्याकडून. दात कोरायचं त्याचं यंत्रही धनुष्यावर फिरणारंच. त्याचं खरं मोठेपण मला वाटतं ते यात, की त्यानं हत्यारांची चित्रं काढून छापली. ज्या धंद्यात कसब लपवणं हेच भांडवल, तिथं यानं पेटी उघडून दाखवली.

कारण तोवर आणि त्यानंतरही शंभरेक वर्षं या विषयाचं कॉलेज नावाची गोष्ट नव्हती. शिकायचं तर कुणातरी डेंटिस्टच्या हाताखाली राहायचं, त्याला पैसे द्यायचे आणि तो दाखवेल तेवढं शिकायचं. तो काय दाखवणार नाही हे तुम्हाला कळायचंही नाही. १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी जगातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. पहिल्या वर्गात ५ विद्यार्थी. पुढच्या वर्षी त्यातले २ पदवी घेऊन बाहेर पडले. पाच पोरांचा वर्ग. पण कॉलेज आलं म्हणजे अभ्यासक्रम आला, आणि अभ्यासक्रम आला की यादी येते. मला यादीचा राग येत होता, तो इथं थोडा कमी झाला. यादी म्हणजे लपवण्याचा काळ संपल्याची पावतीच की. कुणाच्याही पोरानं ती दुकानात नेऊन दाखवावी आणि सामान घ्यावं.

‘कुणाच्याही’ हे मात्र लगेच खरं झालं नाही. ल्युसी हॉब्ज नावाच्या बाईनं १८६१ मध्ये सिनसिनाटीच्या ओहायो डेंटल कॉलेजमध्ये अर्ज केला. बाई म्हणून नाकारला. ती खासगीत शिकली, आयोवामध्ये जाऊन स्वतःचा दवाखाना चालवला, नाव कमावलं. मग त्याच कॉलेजनं तिला १८६५ मध्ये थेट शेवटच्या वर्षात घेतलं, आणि १८६६ मध्ये ती दंतवैद्यकाची पदवी मिळवणारी जगातली पहिली स्त्री झाली. धाकटीच्या वर्गात आज निम्म्याहून जास्त मुली आहेत.

आपल्याकडची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात पैशांचा प्रश्न सरळ सरळ आहे. रफीउद्दीन अहमद हे मूळचे आजच्या बांगलादेशातले. आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्यकाची पदवी घेतली, बोस्टनला मुलांच्या दवाखान्यात काम केलं, १९१९ मध्ये परत आले. देशात डेंटल कॉलेज एकही नव्हतं. ते काढायला पैसे कुठून आणायचे? त्यांनी कलकत्त्यात ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं दुकान काढलं. लोकांना गारेगार सोडा पाजायचा आणि त्या कमाईवर कॉलेज चालवायचं. १९२० मध्ये भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज सुरू झालं ते असं. गोड सोड्यानं किडलेल्या दातांचे पेशंटही तिथूनच मिळाले असतील, हा माझा आगाऊपणा, इतिहास नव्हे. १९२८ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्रीचं हँडबुक लिहिलं. पोरांकडे हत्यारं असून चालत नाही, ती धरायची कशी हेही कुणीतरी सांगावं लागतं.

मुंबईहून कलकत्त्याला जाऊन या कॉलेजात शिकलेल्यांमध्ये फातिमा जिना होत्या, मोहम्मद अली जिनांची धाकटी बहीण. १९२३ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा दवाखाना उघडला. मुंबईत तेव्हा डेंटल कॉलेज नव्हतं. नायर हॉस्पिटलचं डेंटल कॉलेज आलं १९३३ मध्ये. म्हणजे दातांचं शिक्षण घ्यायला मुंबईच्या मुलीला देशाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागत होतं, हे फक्त शंभर वर्षांपूर्वीचं आहे. धाकटीचं कॉलेज विट्याहून एसटीनं तीन तास. तरी आई दर रविवारी रडते.

पहिल्या वर्षाअखेरीस धाकटीच्या बोटांना मेणाचा वास कायमचा चिकटला होता, आणि घरातल्या प्रत्येक साबणावर कुठल्या ना कुठल्या दाताचं कोरीवकाम होतं. आता दुसरी यादी आली. यातला ‘फ्लास्क’ म्हणजे पितळी डबा, ज्यात कवळीचा साचा दाबतात. तिनं तो सीनिअरकडून घेतला. या निरुपद्रवी डब्याच्या इतिहासात एक खून आहे.

एकोणिसाव्या शतकात रबरात गंधक मिसळून तापवलं की कडक व्हल्कनाइट होतं हे कळलं, आणि कवळी स्वस्त झाली. आधी ती सोन्याची किंवा हस्तिदंताची, म्हणजे श्रीमंतांचीच. आता शिक्षकाला, शेतकऱ्यालाही कवळी परवडायला लागली. पण १८६४ मध्ये याचं पेटंट दिलं गेलं, ते एका कंपनीच्या हातात आलं, आणि गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीनं अमेरिकेतल्या प्रत्येक डेंटिस्टकडून लायसन्स फी आणि वर कवळीमागे रॉयल्टी मागायला सुरुवात केली. न देणाऱ्यावर खटला. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन गावोगाव हिंडून डेंटिस्टांना कोर्टात खेचायचा. सुप्रीम कोर्टही कंपनीच्याच बाजूनं गेलं. १८७९ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात सॅम्युएल चॅल्फंट नावाच्या डेंटिस्टनं बेकनला गोळी घातली. दोन वर्षांत पेटंटची मुदत संपली. खुनाचं समर्थन कुणीच करणार नाही. पण सबस्क्रिप्शन संपलं म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सॉफ्टवेअर बंद पडलेलं ज्यानं पाहिलं आहे, त्याला चॅल्फंटचा चेहरा थोडासा ओळखीचा वाटेल.

यादीतली सगळ्यात महाग ओळ होती एअरोटर हँडपीस. दवाखान्यात जो किर्रर्र आवाज ऐकून तुमचे पाय गार पडतात, तो याचा. दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत डेंटिस्ट ड्रिल बोटांत धरून पिळत असे. १८७१ मध्ये जेम्स मॉरिसननं शिलाई मशीनसारखं पायानं चालवायचं यंत्र पेटंट केलं. १८७५ मध्ये जॉर्ज ग्रीनचं विजेवरचं आलं. मग न्यूझीलंडमध्ये जॉन पॅट्रिक वॉल्शनं दाबलेल्या हवेवर फिरणाऱ्या हँडपीसचं पेटंट १९४९ मध्ये घेतलं. आणि १९५७ मध्ये अमेरिकेत जॉन बॉर्डनचं यंत्र बाजारात आलं, मिनिटाला तीन लाख फेरे. त्याचं व्यापारी नाव होतं ‘एअरोटर’. झेरॉक्सचं जे झालं तेच याचं झालं. आज भारतातला प्रत्येक डेंटलचा विद्यार्थी कुठल्याही कंपनीच्या हवेवरच्या हँडपीसला एअरोटरच म्हणतो.

तो आम्ही नीट घेतला. विभागात विचारलं, कॉलेजच्या खुर्चीला कुठलं कपलिंग बसतं ते पाहिलं, जवळपास कोण दुरुस्त करतं ते पाहिलं, मगच पैसे दिले. जिथं रक्कम मोठी होती तिथं मी शहाणपणानं वागलो. चूक झाली ती बारक्या गोष्टीत.

दात कोरायच्या हातातल्या हत्यारांचा सेट दुकानात जितक्याला होता, त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मला ऑनलाइन दिसला. फोटो तेच, नावं तीच, दांड्यावर कोरलेले आकडेही तेच. धाकटी म्हणाली, “दादा, समोरच्या दुकानातूनच घेऊ या ना.” मी तिला प्राइस कंपॅरिझनचा स्क्रीनशॉट पाठवला. अण्णा म्हणाले, “हातात घेतल्याशिवाय हत्यार घेऊ नये.” मी म्हणालो, अण्णा, स्टील ते स्टील.

दीड महिन्यानं तिचा फोन आला. खालच्या पहिल्या दाढेत, दोन दातांच्या मध्ये येणाऱ्या बाजूनं खड्डा करायचा होता. खड्डा झाला की तळाची कड तासून तिरकी करायची. त्यासाठी जिंजायव्हल मार्जिन ट्रिमर लागतो, आणि तो जोडीनं येतो : एक दाताच्या पुढच्या बाजूसाठी, एक मागच्या. तिनं पुढच्या बाजूचा घेतला आणि कड सुटली. पुन्हा केलं, पुन्हा सुटली. मॅडमनी दात पाहिला, मग हत्यार मागून घेतलं, दोन्ही शेजारी धरली आणि म्हणाल्या, “ही दोन्ही मागच्या बाजूचीच आहेत. आकडे फक्त वेगवेगळे छापलेत.” जॉब रिजेक्ट. नव्या दातावर पहिल्यापासून. इंटर्नलचे मार्क गेले ते गेले.

ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “दादा, आकडे खोटे आहेत.”

त्या रात्री मी ते आकडे शिकलो. एका दांड्यावर होतं १३-९५-८-१४, दुसऱ्यावर १३-८०-८-१४. तोवर मला वाटायचं हा मॉडेल नंबर असेल. तो पत्ता आहे. पहिला आकडा पात्याची रुंदी, मिलिमीटरच्या दहाव्या भागात : १३ म्हणजे १.३ मिलिमीटर. तिसरा पात्याची लांबी, ८ मिलिमीटर. चौथा म्हणजे पातं दांड्याशी किती कोनात वाकलं आहे. आणि दुसरा म्हणजे धारेचा कोन, जो साध्या पटाशीसारख्या सरळ धारेच्या हत्यारांवर लिहितच नाहीत. कोन मोजायला वर्तुळाचे ३६० नव्हे, १०० भाग केले आहेत. म्हणून १४ म्हणजे आपले साधारण ५० अंश. धार ९५ असली की मागच्या बाजूला, ८० असली की पुढच्या. एवढ्या चार आकड्यांवरून जगातल्या कुठल्याही कारागिराला, तुमचं तोंड न बघता, तेच हत्यार करता यायला हवं.

ही पद्धत बसवणारा माणूस म्हणजे ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक. जन्म १८३६, इलिनॉयमधल्या शेतकरी घरातला. गंमत म्हणजे जो माणूस पुढं आधुनिक डेंटिस्ट्रीचा पाया घालणारा म्हणून ओळखला गेला, तो डेंटल कॉलेजात कधी शिकलाच नाही. एका डेंटिस्टच्या हाताखाली थोडा काळ राहिला आणि त्यानं स्वतःचा दवाखाना थाटला. जॅक्सनव्हिल नावाच्या गावात बसून त्यानं स्वतःसाठी पायानं चालणारं ड्रिल केलं, चांदीच्या भरणीचं मिश्रण तपासत वर्षं घालवली, किडीच्या खड्ड्यांचे वर्ग पाडले. धाकटी ‘क्लास वन’, ‘क्लास टू’ म्हणते ते त्याचेच. १८९७ मध्ये तो शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डेंटल स्कूलचा डीन झाला, आणि १९१५ मध्ये वारला तेव्हाही डीनच होता. शिकागोच्या लिंकन पार्कमध्ये त्याचा पुतळा आहे.

मला तो पटला तो एका गोष्टीसाठी. हाताखाली शिकलेल्या माणसाकडे दोन रस्ते असतात. एक, ‘आम्ही असेच शिकलो’ म्हणत पुढच्यालाही तसंच शिकवायचं. दुसरा, आपल्याला जे अंदाजानं, बोटांनी कळलं ते दुसऱ्याला कळेल अशा भाषेत लिहून काढायचं. ‘जरा वाकडं पातं’ याला आकडा द्यायचा. तोही इंच-फुटांच्या देशात मिलिमीटरमध्ये. आम्ही ज्याला स्पेसिफिकेशन म्हणतो ते त्यानं हत्याराच्या अंगावरच कोरून ठेवलं. कागद हरवतो, दांडा हरवत नाही. आणि त्यामुळेच त्याचं म्हणणं खोटं पाडायला फारसं काही लागत नाही, अक्षरं कोरायचं मशीन पुरतं. धाकटी आणि तिच्यासारखी शेकडो पोरं त्या आकड्यांवर विश्वास ठेवून दाढेत हत्यार घालतात. दोन वर्षांनी ती दाढ प्लास्टिकची नसणार.

विकणाऱ्याला मी तीन मेल केले. उत्तर आलं नाही. रिटर्नची मुदत कधीच संपली होती. नवी जोडी कॉलेजसमोरच्या दुकानातून घेतली. मालकांनी काही विचारलं नाही, फक्त डबी उघडून म्हणाले, “ताई, बघून घ्या.” धाकटीनं दोन्ही उजेडात धरून पाहिली, मगच पैसे दिले.

दिवाळीला ती खोटी जोडी घेऊन घरी आली. अण्णांनी भिंग लावलं. मी त्यांना १३, ९५, ८, १४ समजावून सांगितलं, कागदावर वर्तुळ काढून त्याचे शंभर भाग वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

“आणि काटकोन किती म्हणायचा मग?”

“पंचवीस.”

“म्हणजे गुण्या पंचवीसचा,” ते म्हणाले. मग वर्कशॉपमधून तेलाचा दगड आणून एका ट्रिमरला धार लावून पाहिली. चार-पाच वेळा ओढून नखावर टेकवली, पुन्हा ओढली. “पोलाद मऊ आहे. धार धरणार नाही. हिला सांग, असल्यानं कुणाच्या तोंडात काम करायचं नाही.”

धाकटी तिथंच बसली होती. तरीही त्यांनी ते मला सांगितलं.

आता तिचं तिसरं वर्ष आहे. पहिल्या वर्षाचं सामान तिनं ज्युनिअरला देऊन टाकलं, लेक्रॉन सोडून. त्या मुलीबरोबर स्वतः दुकानात गेली, आणि पाचातला कुठला घ्यायचा ते नखावर लावून दाखवलं, असं कळलं. खोटी जोडी अण्णांच्या पेटीत पटाश्यांच्या शेजारी आहे. ड्रॉवरच्या कोपऱ्यात वाळलेलं फेविकॉल खरवडायला ती चांगली चालते म्हणतात.